पोर्ट, पिंप आणि हवा

पोर्टचा पहिला घोट घेणारा माणूस बहुधा एवढेच म्हणतो, की ही वाइन गोड आहे. त्याचे काही चुकत नाही. पण मला पोर्टची खरी गोडी लागली ती ही गोडी कुठून येते हे कळल्यावर. पोर्टमध्ये वरून साखर घालत नाहीत. द्राक्षांचा रस आंबू लागला की यीस्ट त्यातली साखर खाते आणि तिचे मद्यार्कात रूपांतर करत जाते. हे काम शेवटपर्यंत होऊ दिले, तर जेवणाबरोबर पितात तशी कोरडी रेड वाइन तयार होते. पोर्ट करणारा मात्र दोन-तीन दिवसांतच, साधारण निम्मी साखर शिल्लक असताना, द्राक्षांपासूनच काढलेले ७७ टक्के तीव्रतेचे मद्य त्या रसात मिसळतो. ५५० लिटरचे एक पिंप धरले, तर सुमारे ४३५ लिटर आंबता रस आणि ११५ लिटर मद्य, असा हा पूर्वापार हिशेब आहे. एवढ्या तीव्रतेत यीस्ट तग धरत नाही, आंबणे जागच्या जागी थांबते आणि द्राक्षाची उरलेली साखर वाइनमध्ये तशीच राहते. बाटलीवर दिसणारा १९ ते २२ टक्क्यांचा आकडाही त्यातूनच येतो.

वेळ इतका थोडा असल्यामुळे आणखी एक अडचण उभी राहते. सालींमधला रंग आणि तुरटपणा रसात उतरायला साध्या रेड वाइनला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ मिळतो, पोर्टला तो मिळत नाही. म्हणून पोर्तुगालच्या उत्तरेकडील दोरू नदीच्या खोऱ्यात ग्रॅनाइटच्या उथळ हौदांमध्ये माणसे खांद्याला खांदा लावून द्राक्षे पायांनी तुडवतात. या हौदांना तिथे लागार म्हणतात. माणसाच्या तळव्याचा दाब साल फोडण्याइतका असतो, पण बी फुटण्याइतका नसतो, आणि बी फुटली की रसात कडवटपणा उतरतो. आता अनेक ठिकाणी हे काम यंत्रे करतात, पण त्या यंत्रांची रचनासुद्धा पायाच्या दाबाचीच नक्कल करण्यासाठी केलेली आहे, हे मला विशेष वाटते.

या खोऱ्याची पोर्टसाठीची हद्द १७५६ साली आखली गेली. उन्हाळ्यात तापणारे पाटीच्या दगडाचे उतार, त्यांवर बांधलेल्या पायऱ्या-पायऱ्यांची शेते आणि खोल मुळे धरणाऱ्या वेली असा हा प्रदेश आहे. तयार वाइन मात्र परंपरेने नदीच्या मुखाजवळच्या, समुद्राच्या दमट हवेने थंड राहणाऱ्या विला नोव्हा द गायातील कोठारांत मुरते. १९८६ पर्यंत तर तिथूनच ती परदेशी पाठवण्याचे बंधन होते. एकोणिसाव्या शतकात जोसेफ जेम्स फॉरेस्टर या व्यापाऱ्याने आंबत्या रसात मद्य मिसळण्याच्या या रीतीलाच कडाडून विरोध केला होता. दोरूचा बारकाईने नकाशा काढणारा हा माणूस १८६१ साली त्याच नदीत बुडून गेला. त्याच्याविषयी मला मनापासून आदर आहे, तरीही या एका बाबतीत त्याचे म्हणणे मागे पडले याचे मला समाधान वाटते.

पोर्टचे रुबी, टॉनी असे प्रकार पाठ करत बसण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा : या वाइनला हवा किती लागली? रुबी मोठाल्या टाक्यांत किंवा पिंपांत थोडी वर्षे राहते, तिथे वाइनच्या मानाने हवेचा स्पर्श कमी असतो, आणि ती तरुण असतानाच बाटलीत भरली जाते. म्हणून तिचा रंग गडद राहतो आणि चव ताज्या फळांची असते. टॉनी ५५० लिटरच्या आसपासच्या लहान पिंपांत वर्षानुवर्षे राहते. लाकडाच्या छिद्रांतून हवा अगदी सावकाश आत येते, थोडी वाइन दरवर्षी उडून जाते आणि लाल रंग विटकरी व पुढे मधासारखा होत जातो. बाटलीवरचे १०, २०, ३० किंवा ४० हे आकडे थेंब न् थेंब तेवढ्या वयाचा असल्याचे सांगत नाहीत. वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन एकत्र करून त्या वयाचा स्वभाव साधलेला असतो. एकाच वर्षाची टॉनी हवी असेल, तर कोल्येइता शोधावी. ती किमान ७ वर्षे लाकडात राहिलेली असते.

हा फरक वाचून कळत नाही. पांढऱ्या कागदावर दोन ग्लास शेजारी-शेजारी ठेवावेत, एकात रुबी आणि दुसऱ्यात वीस वर्षांची टॉनी. ग्लास तोंडाशी किंचित निमुळते असावेत आणि तिसरा हिस्साच भरावेत. मी पहिल्यांदा असे केले तेव्हा ग्लास तिरका धरून कडेकडे पाहत राहिलो. रुबीची कड जांभळट होती आणि मधला भाग इतका दाट, की खालची कागदावरची अक्षरे दिसत नव्हती. टॉनीतून तीच अक्षरे स्पष्ट वाचता येत होती आणि तिच्या कडेला फिकट सोनेरी रेघ होती. रुबीच्या वासात काळी चेरी, प्लम आणि मिरीची चुणूक होती. टॉनीच्या वासात आधी अक्रोड, मग संत्र्याची वाळलेली साल, मग सुके अंजीर, आणि घोट गिळून झाल्यावर बराच वेळ भाजलेल्या बदामाची चव जिभेवर रेंगाळत राहिली. दोन्हींत साखर भरपूर होती, पण टॉनी कमी गोड वाटली. तिचा आंबटपणा गोडीला तोलून धरत होता. माझ्या मते चांगल्या आणि सामान्य पोर्टमधला फरक नेमका इथेच कळतो : घोट संपल्यावर तोंड चिकट वाटते, की पुन्हा पाणी सुटते.

तापमानाकडे फार थोडे लोक लक्ष देतात. टॉनी १२ ते १४ अंशांवर आणि रुबी १६ अंशांच्या आसपास द्यावी. याहून गरम झाली, तर मद्यार्क नाकाला झोंबतो आणि फळांचा वास त्याखाली दबतो.

व्हिंटेज पोर्टची गोष्ट वेगळी. उत्तम वर्षाच्या द्राक्षांची ही वाइन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच न गाळता बाटलीत जाते आणि पुढची वीस-तीस वर्षे बूच बंद असतानाच मुरते. १९६३, १९७७, १९९४, २०११ ही त्यांतली नावाजलेली वर्षे. हवेचा स्पर्श जवळजवळ नसल्याने फळ टिकते, पण तुरटपणा आणि रंग हळूहळू एकमेकांत बांधले जाऊन तळाशी गाळ बसतो. माझ्या पहिल्या जुन्या बाटलीच्या वेळी मी ती आडवी ठेवलेली असतानाच उचलली, लगेच उघडली आणि ओतली. सगळा गाळ ढवळून निघाला आणि प्रत्येक घोटात कॉफीच्या चोथ्यासारखी खरखर आली. इतकी वर्षे शांत राहिलेली वाइन माझ्या घाईने बिघडली, याचे मला फार वाईट वाटले. आता मी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवतो. बूच जुने असते, म्हणून ते सरळ आणि अगदी सावकाश ओढतो. मग बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती ठेवून वाइन एका धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतत राहतो, मध्ये थांबत नाही. शेवटी उजेडात काळसर धाग्यांसारखा गाळ मानेपाशी सरकताना दिसतो, त्या क्षणी हात थांबवायचा. तळाशी दोन बोटे वाइन उरते, ती उरू द्यावी.

पोर्टच्या धर्तीची वाइन अन्यत्रही होते. दक्षिण आफ्रिकेत ती केप रुबी, केप टॉनी अशा नावांनी मिळते. ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यात सेपेल्ट्सफील्ड इथे १८७८ साली एक मोठे पिंप शंभर वर्षे हात न लावण्याच्या निश्चयाने बाजूला ठेवले गेले, आणि तेव्हापासून दरवर्षी एक पिंप असे ठेवले जाते. शतकभर हवा लागून आटत गेलेली ती वाइन काकवीसारखी दाट होते. नाव कोणतेही असो, मी अशा वाइनलाही हवेचाच प्रश्न विचारतो.

उघडलेली बाटली किती दिवस टिकेल, याचे उत्तरही त्याच प्रश्नात आहे. व्हिंटेजला हवेची सवय नसते, म्हणून ती दोन-तीन दिवसांत संपवावी, आणि वीस टक्क्यांची वाइन असल्याने चार-पाच जणांत वाटून घेणेच योग्य. रुबी आठवडा-दोन आठवडे तग धरते. टॉनीचे सारे आयुष्यच हवेच्या सहवासात गेलेले असते. बूच घट्ट लावून थंड जागी ठेवली, तर ती महिनाभर सहज चांगली राहते. म्हणून माझ्याकडे बहुतेक वेळा टॉनीचीच बाटली उघडी असते. रात्री जेवणानंतर ७५ मिलिलिटरचा एक ग्लास, बरोबर दोन अक्रोड किंवा निळ्या बुरशीच्या खारट चीजचा लहानसा तुकडा. रिकामा ग्लास मी लगेच धूत नाही. सकाळी त्याच्या तळाशी वाळलेल्या थेंबाला सुक्या अंजिराचा वास तेव्हाही येत असतो.