होस्टेलची खोली निवडताना आधी मजला आणि पाणी पाहा, फी नंतर

कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, कॉलेज लागलं, फी भरली, की घरचे निश्चिंत होतात. पण होस्टेलचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची शेवटची तारीखही वेगळी असते. जागा कमी आणि अर्ज जास्त, त्यामुळे मिळेल ती खोली घेऊन मोकळं व्हायचं अशीच आपल्याकडे रीत आहे. तरी बऱ्याच ठिकाणी अर्जात पसंतीक्रम विचारतात: जुना ब्लॉक की नवा, तिघांची खोली की दोघांची, संडास-बाथरूम सामायिक की खोलीला लागून. खेड्यावरून येणारी मुलं-मुली हा क्रम फीच्या आकड्यावरून भरतात. माझ्या मते तो मजला, पाणी आणि मेस पाहून भरावा.

मजल्यापासून सुरुवात करू. विदर्भात अकोला, अमरावती, वर्धा, चंद्रपूर, कुठेही जा, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि उन्हाळी परीक्षा त्याच सुमारास येतात. मेच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य आपल्या अक्षांशावर जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून भिंतींपेक्षा गच्ची जास्त तापते. स्लॅबमध्ये दिवसभर साठलेली उष्णता अंधार पडल्यावर खाली उतरते. सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली खरा त्रास देते ती रात्री नऊ ते बारा, म्हणजे नेमकी अभ्यासाच्या वेळी. पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. गच्चीला चुना किंवा पांढरा रंग मारलेला असेल तर बराच फरक पडतो, तो मारलाय का ते विचारा.

तळमजला थंड असतो, पण त्याची वेगळी दुखणी आहेत. आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया नीट नसलेल्या जुन्या इमारतीत त्यामुळे भिंतींना तिरक्या भेगा पडतात, चौकट तिरपी होते आणि दार धड लागत नाही. भिंतीला खालून दोन-तीन फूट ओल चढलेली दिसली तर तिथे पेटी-पुस्तकं ठेवायची सोय राहणार नाही. आवार शेताला लागून असेल तर विंचू-सापाची भीती असते. दाराखालची फट आणि मोरीची जाळी पाहून घ्या. म्हणून मधला मजला, पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी आणि दारासमोर खिडकी, अशी तिघांची खोली मिळत असेल तर ती घ्या. वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेला तोंड असलेल्या एकट्याच्या खोलीपेक्षा ती कितीतरी बरी.

कूलरचा प्रश्न आधीच विचारायचा. परवानगी आहे का, वीज आकार वेगळा लागतो का, खिडकीबाहेर स्टँड बसतो का? कूलर खोलीच्या आत ठेवून खिडक्या बंद केल्या तर तासाभरात नुसती दमट हवा उरते; त्याला बाहेरची कोरडी हवा आत ओढायला आणि आतली बाहेर जायला वाट लागते. मृग लागला की हवेत ओलावा येतो आणि कूलर निरुपयोगी होतो, त्यामुळे त्याची गरज साधारण मार्चअखेर ते जूनचा मध्य एवढीच. भाड्याने मिळत असेल तर विकत घेऊ नका. आणि हे कळकळीने सांगतो: पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. थ्री-पिन प्लग, चालू अर्थिंग आणि बोर्डावर ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तरच कूलर लावा, आणि पाणी भरताना नुसतं बटन बंद करून थांबू नका, प्लगच काढा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाइप धरणं हा सगळ्यात घातक प्रकार.

कूलर म्हटलं की पाणी आलं. मध्यम आकाराचा कूलर मेमध्ये तासाला चार-पाच लिटर पाणी सहज ओढतो. वसतिगृहासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावं असं भारतीय मानक आहे. गच्चीवरच्या काळ्या टाक्यांवर क्षमता छापलेली असते, ती मोजा. १०० मुलांच्या इमारतीवर ५,००० लिटरची एकच टाकी असेल तर वाट्याला ५० लिटर येतात, म्हणजे ती दिवसातून तीनदा भरली तरच भागणार. मग मोटर कोण लावतो, लोडशेडिंगमध्ये काय होतं, एप्रिलमध्ये टँकर येतो का, हे वॉर्डनपेक्षा तिथे राहणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी मुळातच खारं. तिथे आरओ चालू आहे की नुसता बसवलाय, ते पाहिलंच पाहिजे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर लावून पाहता येतं: पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. आरओच्या नळाचा आकडा बोअरच्या आकड्याच्या आसपास निघाला तर आरओचं मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, कामातून गेलेलं आहे असं समजा. संडासांचा हिशेब सोपा ठेवा. मुलांमध्ये आठ जणांमागे एक, मुलींमध्ये सहा जणींमागे एक चालू संडास हवा. कुलूप लावलेले मोजायचे नाहीत.

मेस दोन प्रकारची असते. कंत्राटी मेसमध्ये महिन्याचा ठरलेला आकडा. दुसरीकडे मुलांचीच समिती मेस चालवते आणि महिन्याचा खर्च जेवलेल्या दिवसांवर वाटते. समजा किराणा, भाजी, गॅस आणि आचाऱ्यांचा पगार मिळून १,८०,००० रुपये झाले आणि ६० मुलं सरासरी २५ दिवस जेवली, तर १,५०० दिवस होतात आणि दर दिवसाला १२० रुपये पडतो. ही पद्धत गावी वारंवार जाणाऱ्याला परवडते, पण तिच्यात एक मेख आहे. सोयाबीन काढणी, कापूस वेचणी आणि दिवाळीच्या दिवसांत मुलं घरी जातात, आचाऱ्यांचा पगार मात्र तेवढाच राहतो, म्हणून उरलेल्यांचा दर वाढतो. कंत्राटी मेसमध्ये ‘मेस ऑफ’चा नियम शब्दशः वाचा. सलग तीन दिवस गैरहजर असाल तरच सूट, असं लिहिलेलं असेल तर दर शनिवार-रविवारी गावी जाणाऱ्याला एक रुपयाही परत मिळत नाही. महिन्याची सात-आठ दिवसांची जेवणं फुकट जातात.

गाव ४०-५० किलोमीटरवर असेल तर घरचे अप-डाउन सुचवतात. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते हे खरं, पण मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. रोजचे तीन तास धरले तरी आठवड्याचे अठरा तास बसमध्ये जातात. प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालणाऱ्या शाखांना, कृषी आणि विज्ञानाला विशेषतः, शेवटची गाडी कितीला सुटते यावर सगळं अवलंबून असतं.

पैशांची अडचण असेल तर होस्टेलची फी भरण्याआधी समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात जाऊन या. राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत म्हणून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळालेल्याला यांचा लाभ मिळत नाही. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचाही अर्ज असतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चनंतर चालत नाही, तो एप्रिल-मेमध्येच नवा काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचंही लागतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवावं असं यूजीसीच्या २००९ च्या विनियमात आहे, तेव्हा सीनियरांच्या ब्लॉकमधली खोली दिली तर ब्लॉक बदलून मागायला संकोचू नका. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

यादीत नाव आलं नाही तरी घरी बसू नका. नंतरच्या कॅप राउंडमध्ये मुलं दुसरीकडे जातात आणि खाटा रिकाम्या होतात. प्रतीक्षा यादीतला क्रमांक लिहून घ्या आणि दर आठवड्याला कार्यालयात विचारा. खोली ताब्यात घेताना खाट, टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, ट्यूब आणि खिडकीच्या काचा नोंदवहीत जशा लिहिल्या आहेत तशाच आहेत का ते पाहा, मोडलेल्या वस्तूचा फोटो काढून तसा शेरा लिहून घ्या, आणि मगच सही करा. नाहीतर खोली सोडताना ती मोडतोड तुमच्या डिपॉझिटमधून कापतात. डिपॉझिटची पावती वर्षअखेरीपर्यंत आधार आणि मार्कशीटच्या फाइलमध्येच ठेवा.