गंगेच्या उलट्या दिशेनं: धावत पाहिलेलं नाशिक

नाशिकमध्ये नदीकाठानं धावायचं असेल तर प्रवाहाच्या उलट दिशेनं निघावं. गोदावरी, जिला नाशिककर गंगाच म्हणतात, पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून येते, गंगापूर धरणात अडते आणि तिथून शहरात उतरते. त्यामुळे पहाटे पंचवटीतून सोमेश्वरकडे निघालं की ऊन पाठीवर येतं, चढ अगदी हलका लागतो आणि पाय थकतात तेव्हा परतीचा उतार हाताशी असतो.

मी ठाण्याची. आमच्याकडे डिसेंबरातही दोन किलोमीटरमध्ये टी-शर्ट ओला होतो. नाशिकची थंडी कोरडी, पारा दहाच्या खाली जाणारी. सुरुवातीला बोटं बधिर होतात, कान दुखतात, पण एकदा अंग तापलं की दम लागतच नाही असं वाटतं. सुट्टीत पंचवटीत मावशी आणि काकांकडे उतरले होते. पहाटे बुटांची नाडी बांधताना तिनं आतून विचारलं, "गंगेवर चाललीस का गं? मग कानाला काहीतरी बांध."

रामकुंडावर मात्र धावू नये. पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात हे एक, आणि दुसरं म्हणजे तिथं त्या वेळी कुणी अस्थी घेऊन आलेलं असतं, कुणी काकडत स्नान करत असतं. त्यांच्या मधून पळत जाणं बरं दिसत नाही. मी रामकुंडापासून नारोशंकराच्या देवळापर्यंत चालतच गेले, आणि बरं झालं. पूर्वेकडे वाहणारी नदी इथं दक्षिणेकडे वळते ते सावकाश पाहता आलं. नारोशंकराच्या देवळाला टांगलेली मोठी घंटा पोर्तुगिजांची, १७३९च्या वसईच्या विजयाची खूण. वरच्या बाजूला १८९५ सालचा जुना व्हिक्टोरिया पूल, आताचा अहिल्याबाई होळकर पूल. आणि नदीच्या पात्रातच उभा दुतोंड्या मारुती.

हा मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. "मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की भांडीबाजार आणि सराफबाजारातली माणसं माल वर चढवायला लागतात," काका म्हणाले. "२००८ला, २०१६ला, २०१९ला, दर वेळी मी पुलावरून बघायला गेलोय. डोकं बुडालं की मग कुणी बोलत नाही." मी त्या मूर्तीच्या डोक्याकडे मान वर करून पाहत होते. एवढं पाणी आपल्या धावण्याच्या वाटेवरून जातं, ही गोष्ट पुढच्या सगळ्या रस्त्याला डोक्यात राहिली.

कारण पुढे गोदापार्क लागतो. नदीला लागून सलग धावता यावं ही मूळ कल्पना सुंदर आहे आणि काही तुकडे अजूनही छान आहेत: एका हाताला पाणी, पाण्यावर धुकं, दुसऱ्या हाताला झाडं. पण तो सलग नाही. थोडं पळावं, मग फरशा उखडलेल्या, मग गाळ, मग वाट संपते आणि वर रस्त्यावर यावं लागतं. पूररेषेच्या आत सिमेंट आणि फरश्या बसवल्या की मोठ्या पुरात नदी त्या उचलणारच. निळी आणि लाल पूररेषा आखल्या जातात त्या नदीला ही जागा लागते म्हणूनच. मला मनापासून वाटतं की तिथं काही बांधूच नये. दोन माणसं शेजारून जातील एवढी दाबलेल्या मातीची वाट ठेवावी, कडेला करंज, उंबर, वाळुंज असली पाण्याची सवय असलेली झाडं लावावीत. पूर आला तर आठवड्याभरात फावड्यानं वाट पुन्हा मोकळी करता येईल. धावणाऱ्याच्या गुडघ्यांनाही मातीच हवी असते. रामकुंडाच्या परिसरातल्या कुंडांच्या तळाचं काँक्रीट काढून जुने झरे मोकळे करा, असा आग्रह नाशिकमधली काही मंडळी कितीतरी वर्षं धरून आहेत. नदीकाठी धावल्यावर त्यांचं म्हणणं तळपायांनाच पटतं.

आनंदवल्लीपाशी नवश्या गणपती. राघोबादादा आणि आनंदीबाईंशी या जागेचं नातं सांगतात. देऊळ अगदी काठावर आहे, पाणी प्यायला आणि श्वास घ्यायला थांबावं असं. इथून सोमेश्वरपर्यंतचा टप्पा मला सगळ्यात आवडला. शहर विरळ होतं, हवा आणखी गार होते, आणि सोमेश्वराच्या पुढे धबधब्यापाशी नदीचा काळा कातळ उघडा पडतो. डिसेंबरात पाण्याच्या चारदोन धारा असतात, पण म्हणूनच कातळ नीट दिसतो. पंचवटीपासून इथवर सात-आठ किलोमीटर होतात, म्हणजे जाऊन-येऊन ऐपत असेल त्यानंच करावं. नाहीतर परतीला गंगापूर रोडवरून रिक्षा मिळते.

मला हवी होती तशी मातीची वाट मिळाली ती नदीवर नाही, मखमलाबादकडे. गंगापूर धरणाचा डावा कालवा त्या बाजूनं जातो आणि त्याच्या कडेनं कच्चा रस्ता आहे. सपाट, मऊ, रहदारी जवळपास नाही. दोन्हीकडे द्राक्षांचे मळे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डिसेंबरात घड धरलेले असतात, मणी अजून हिरवे आणि कडक. याच दिवसांत थंडीची शेतकऱ्याला सगळ्यात धास्ती. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. धुराचा वास धुक्यात मिसळतो आणि ओळींच्या टोकाशी माणसं उभी दिसतात. एका मळ्याच्या बांधावर शेकत बसलेल्या आजोबांनी हाक मारली, "ताई, जरा शेकून घ्या की!" मी थांबले. हात शेकता शेकता ते म्हणाले, "तुम्हाला थंडी बरी वाटत असेल. आम्ही रात्रभर जागे." धावण्यासाठी मला जी हवा सोन्यासारखी वाटत होती, तीच त्यांच्या वर्षाच्या कमाईवर बसली होती. निघताना काय बोलावं ते सुचलं नाही, नमस्कार केला.

शहरातल्या शहरात धावायचं तर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, ज्याला सगळे गोल्फ क्लब म्हणतात. फेऱ्या मारायला सोयीचं, पहाटेपासून माणसांचा राबता, एकट्या बाईला अंधारात निर्धास्त वाटतं. नदीवर मी उजाडल्याशिवाय गेले नाही, इथं साडेपाचलाही गेले.

चढाचा सराव करायचा असेल त्यानं पांडवलेणी गाठावी. मुंबईच्या रस्त्यावर, त्रिरश्मी डोंगराच्या पोटात २४ लेणी, पायथ्याशी फाळके स्मारक. पायऱ्या एका दमात चढल्या की मांड्या भरून येतात आणि वर पोचल्यावर वाचायला दोन हजार वर्षांचा मजकूर मिळतो. दहाव्या लेण्यातल्या ब्राह्मी लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानांची यादी देतो. त्यात गाई आहेत, सोनं आहे, नदीवर बांधलेला घाट आहे. आणि इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावाही आहेत. राजघराण्यातल्या माणसानं वाटसरूंसाठी नदी ओलांडायची सोय केली आणि ती दगडावर कोरून ठेवण्याइतकी मोलाची मानली. गोदापार्कच्या तुटक्या वाटेवरून आल्यावर ते वाचताना फार बरं वाटलं.

प्रवाहाच्या दिशेनं मी शेवटी गेले. तपोवन पंचवटीपासून जवळच, कपिला आणि गोदावरीचा संगम तिथं आहे. झाडांखालून पळताना हवेतला फरक कळतो. २०२७च्या सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी ही झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा नाशिककर विरोधाला उभे राहिले, ते किती योग्य होतं हे तिथं धावणाऱ्याला सांगावं लागत नाही. नदी ओलांडून पुढे टाकळी. समर्थ रामदासांनी इथं १२ वर्षं काढली, नंदिनी नदी गोदावरीला मिळते त्या संगमावर पाण्यात उभं राहून जप केला, रोज सूर्यनमस्कार घातले असं सांगतात. त्यांचा गोमयाचा मारुती अजून पुजला जातो. आज त्या नंदिनीत पाय बुडवायचं धाडस होणार नाही, शहराचं सांडपाणी तिच्यात उतरतं आणि संगमाच्या बरंच आधी वास येतो. तरीही टाकळीला जावंच. शहरात शिरताना नदी कशी असते हे सोमेश्वराला पाहिलं असेल, तर शहरातून बाहेर पडताना ती कशी होते हेही पाहायला हवं.

घरी मावशीनं मटकी भिजवून ठेवली होती. मिसळ खाताना काकांशी कविता राऊतचा विषय निघाला. त्र्यंबक तालुक्यातल्या सावरपाड्याची मुलगी, डोंगरातून पाणी आणता आणता धावायला लागली आणि २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. "मग तूही त्र्यंबकहून पळत ये," काका म्हणाले. त्र्यंबक ते नाशिक तीसेक किलोमीटर, सगळा उतार नदीच्या बाजूचा. पुढच्या हिवाळ्यात करायचं ठरलंय. मी धावेन, काका स्कूटरवरून पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे येतील, आणि मावशीनं आत्ताच बजावलंय की उजाडल्याशिवाय निघायचं नाही.