पेन फिरवून वाचणारी मुलगी

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात मुलाच्या शाळेच्या लायब्ररीत पालक मदतीला जातात. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची, एवढंच काम. तिथे चौथीतली एक मुलगी जाडसर पेन पुस्तकातल्या ओळीवरून सरकवत बसलेली असते. पेन शब्दावरून गेलं की तो शब्द तिला हेडफोनमध्ये ऐकू येतो. अडखळली की तीच ओळ पुन्हा. शेजारच्या मुलाला त्या पेनाचं काडीचंही कौतुक नाही. मला तेच फार आवडलं.

तिला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे शब्द वाचताना अडचण येते. इकडे १९७५ च्या कायद्यापासून अशा प्रत्येक मुलासाठी शाळेला लेखी आराखडा करावा लागतो आणि त्यात लिहिलेली साधनं द्यावीच लागतात. शिवाय बुकशेअर या ऑनलाइन लायब्ररीत दहा लाखांहून जास्त पुस्तकं पात्र विद्यार्थ्यांना फुकट. आवाज वाचत जातो तसा पडद्यावरचा शब्द उजळतो. अर्थात इथेही तपासण्या आणि मीटिंगा लांबतात, पाठपुरावा करणारे आईबाप लागतातच.

आम्हा बडोदेकरांना या राज्यानं लायब्ररी दाखवावी, ही तशी जुनीच गोष्ट. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं ते इथल्या न्यू हेवनहून. मांडवीची सेंट्रल लायब्ररी, पेट्यांमधून गावोगाव फिरणारी पुस्तकं, सगळं त्या काळातलं.

आणि कायद्यात आपण मागे नाही. वाचनाची अडचण असणाऱ्यांसाठी पुस्तकं सुलभ करणारा माराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी भारतानं मंजूर केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली (डिस्लेक्सिया त्यातच येतो), त्याच वर्षी सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररीही सुरू झाली. पण बडोद्यात माझ्या भाच्यालाही वाचनाची अशीच अडचण आहे, आणि त्याच्या शाळेत लायब्ररीचा तास म्हणजे कुलूपबंद कपाटासमोर गप्प बसणं.

ताईला म्हटलं, "अगं, अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिलेक्ट टू स्पीक असतं, चालू कर. मराठी, गुजरातीही वाचून दाखवतो."

"घरी ठीक आहे रे. शाळेत फोन दिसला की जप्त!"

मग कायदा काढून बसलो. मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकर ओळखून योग्य उपाय करणं हे मान्यताप्राप्त शाळांचं काम आहे, असं कलम १६ मध्ये आहे. त्याचा हवाला देऊन मुख्याध्यापकांना अर्ज करायचा ठरलंय. तो गुजरातीत लिहायचा की इंग्रजीत, यावर आमचं अजून चाललंय.