तीन गाळे, एकच स्टॉक

ठाण्याची वागळे इस्टेट, नवी मुंबईतलं रबाळे आणि पनवेलजवळचं तळोजा. आमच्या पंप दुरुस्तीचे तीन गाळे, आणि तिन्हीकडे स्पेअरच्या रॅक. कंप्युटरवर स्टॉक सगळ्यांचा मिळून आहे. पण मी वागळेहून रबाळ्याचा गाळा सांभाळणाऱ्या काकांना मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्यापाशी पंपातून पाणी गळू न देणारा भाग) मागितलं की ते "बघतो हं" म्हणायचे. म्हणजे आहे, पण मिळणार नाही.

त्यांचं तरी काय चुकतं? सील मला दिलं आणि उद्या त्यांच्याच गिऱ्हाइकाचा पंप बंद पडला, तर बोलणी त्यांनी खायची. मग रॅकच्या मागे दोन नग दडवलेले बरे. एकदा त्यांनी असंच एक जुनं सील काढून दिलं. बॉक्स कोरा करकरीत, पण पत्र्याच्या उष्णतेने त्यातली ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, अशी कडक झालेली की जराशी वाकवली तर भेगा दिसल्या. इतकी वर्षं जपलं ते भंगारात गेलं.

हिशेबाने पाहिलं तर तिन्हीकडची मागणी साधारण सारखी आणि एकमेकींवर अवलंबून नसेल, तर सुरक्षेचा साठा (अचानक लागेल म्हणून ठेवलेले जादा नग) सामायिक धरल्यास एका गाळ्याच्या तिपटीऐवजी तीनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.७३ पट पुरतो. दोन-दोन करून सहा ठेवायचे तिथे चारात भागतं. हे महागड्या, क्वचित लागणाऱ्या इम्पेलरसाठी, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्रासाठी. ६३०९ नंबरचं बेअरिंग, गळती थांबवणारी ग्लँड पॅकिंगची दोरी असा नेहमी लागणारा माल प्रत्येक गाळ्यात हवाच. त्यासाठी पोराला ट्रान्स-हार्बर लोकलने पळवण्यात अर्थ नाही.

कागदपत्रांची अडचण कधीच नव्हती. जीएसटी नंबर एकच, त्यामुळे डिलिव्हरी चलनावर माल जातो, टॅक्स लागत नाही. अडत होतं ते मनात. शेवटी साहेबांकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या: ज्याने नग दिला त्याचा रॅक पुढच्या खरेदीतून आधी भरायचा, आणि तोवर त्याच्याकडे खोळंबा झालाच तर जाब नग नेणाऱ्याला विचारायचा. त्यानंतर काकांच्या रॅकमागचे नग आपोआप सिस्टीममध्ये चढू लागले.

पावसाळ्यात मात्र मी हे गणित गुंडाळून ठेवते. जोराचा पाऊस लागला की सगळ्यांच्या तळघरात एकदमच पाणी, सगळे पंप एकदमच चालू, आणि सीलही एकदमच जातात. कोण कोणाला देणार? त्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की कळव्याकडून रबाळ्याला जाणं विसराच. म्हणून पाणी उपसायच्या पंपांचे सील मे महिन्यातच तिन्हीकडे वेगवेगळे भरते. ऑक्टोबरात उरतील ते पुन्हा सामायिक खात्यात.