तुम्ही विचारलंत म्हणून : सलाईन का थांबवले?

“बीपी अजून ऐंशीच्या वर जात नाही, मग सलाईन का थांबवले?” इंदूरच्या तातडीच्या विभागात हा प्रश्न मला बहुधा रात्री विचारला जातो, आधी हिंदीत आणि मी मराठी असल्याचे कळल्यावर पुन्हा एकदा मराठीत.

असा रुग्ण बहुधा सेप्सिसचा असतो, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद हाताबाहेर जाऊन अवयवांनाच इजा करू लागलेला असतो. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतले पाणी बाहेर झिरपते आणि हृदयाकडे परतणारे रक्त घटते. म्हणून पहिल्या 3 तासांत वजनाच्या दर किलोमागे 30 मिलिलिटर सलाईन देण्याचा प्रघात आहे. 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र त्याचा आग्रह सौम्य केला. मूत्रमार्गाच्या संसर्गाने आलेल्या एका आजींचे वजन 54 किलो होते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या सव्वातीन बाटल्या. खरा पेच चौथ्या बाटलीचा असतो, कारण रक्तदाब कमी असलेल्या अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचे हृदय जास्तीच्या पाण्याने अधिक रक्त फेकत नाही आणि ते पाणी फुप्फुसांत साचू लागते.

आम्ही आजींची पाठ 45 अंशांत टेकवून हृदयाची सोनोग्राफी केली, मग पाठ सपाट करून पाय तेवढेच वर उचलले. पायांतले साधारण 300 मिलिलिटर रक्त अशाने हृदयाकडे येते. एक थेंबही न देता केलेली ही चाचणी आहे, आणि पाय खाली घेतले की ती पुसली जाते. पाय हातांनी न उचलता खाटच कलवावी लागते, कारण दुखले किंवा दचकले तरी आकडे बदलतात. (आमच्या खाटेचा दांडा नेमका अशा वेळी अडतो.) मिनिटभरात हृदयातून बाहेर पडणारे रक्त 10 टक्क्यांहून अधिक वाढले, तर सलाईनचा उपयोग होईल असे मानतात. आजींचे जवळपास होते तेवढेच राहिले.

नुसत्या रक्तदाबाच्या आकड्यावर इथे विसंबता येत नाही, आणि स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णाच्या पोटातील महाशिरेच्या, सोनोग्राफीत श्वासागणिक दिसणाऱ्या आकुंचनावर तर माझा फारसा विश्वास नाही. उलट, चाचणी होकारार्थी आली म्हणूनही बाटली लावायची नसते. मी त्या खाटेवर आडवा झालो तर माझेही हृदय असाच प्रतिसाद देईल, पण मला सलाईनची गरज नाही. गरज कळते ती लघवीवरून, अवयवांना रक्त कमी पडले की रक्तात वाढणाऱ्या लॅक्टेटवरून आणि बोटाचे टोक 10 सेकंद दाबून सोडल्यावर रंग 3 सेकंदांत परततो की नाही यावरून.

आजींना नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढवणारे औषध, सुरू केले. चौथी बाटली स्टँडवर होतीच. शीर चालू राहण्यापुरते थेंब तिच्यातून सोडले होते, आणि त्यांचा मुलगा ते थेंब मोजत बसला होता.