आठ टक्क्यांचा हिशेब

कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही बंगळुरूला आलो, आणि पहिली तीन वर्षे त्याचा कारभार मी फोनवरून, एका दलालाच्या भरवशावर चालवला. तो भाडेकरू आणून द्यायचा, एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घ्यायचा आणि पुढचे अकरा महिने सहसा फोन उचलायचा नाही. यात त्याची लबाडी होती असे मी आता म्हणणार नाही. त्याला पैसे भाडेकरू बदलण्याचे मिळत होते. भाडेकरू टिकावा म्हणून त्याने धडपडावे, ही अपेक्षाच माझी चूक होती.

तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या छतावरच्या पिवळ्या डागाचा फोटो पाठवला. आमच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जागी जमिनीत बसवलेला सांधा, गळत होता. प्लंबर मिळाला तेव्हा भाडेकरू ऑफिसात, भाडेकरू घरी असला की प्लंबरचा पत्ता नाही, असे पाच आठवडे गेले. शेवटी भाडेकरूच वैतागून घर सोडून गेला आणि फ्लॅट दीड महिना रिकामा राहिला.

त्यानंतर शेजाऱ्यांनी मालकाच्या वतीने भाड्याच्या घरांचा कारभार पाहणाऱ्या एका गृहस्थांचे नाव सुचवले. भाडे 26,000 रुपये होते आणि त्यांनी वसूल झालेल्या भाड्याच्या आठ टक्के, म्हणजे दरमहा 2,080 रुपये मागितले. मी आपल्या स्वभावाप्रमाणे पाच टक्क्यांवर घासाघीस सुरू केली. त्यांनी शांतपणे विचारले, "गेल्या वर्षी तुमचे किती गेले?" रिकाम्या दीड महिन्याचे 39,000 आणि नव्या भाडेकरूसाठी पुन्हा दलालीचे 26,000, असे 65,000 होत होते, प्लंबर वेगळाच. त्यांचे वर्षाचे 24,960 एका महिन्याच्या भाड्याहूनही कमी भरत होते.

त्यांनी सर्वांत आधी करार मागितला. जुना करार साध्या स्टँप पेपरवर होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, ती जबाबदारी घरमालकाची असते आणि तो तसा नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते, हे मला त्यांच्याकडून कळले. मग त्यांनी सोसायटीची बिले पाहिली. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येते, असा शासनाचा 2001 चा आदेश आहे. आमच्याकडून मात्र महापालिकेचा कर धरून संपूर्ण बिलावर दहा टक्के घेतले जात होते. हे मी तीन वर्षे निमूटपणे भरले होते.

माझ्याही दोन अटी होत्या: घर रिकामे असताना शुल्क नाही, आणि दुरुस्तीच्या बिलात त्यांचा वाटा नाही. दोन्ही त्यांनी लगेच मान्य केल्या. मात्र टक्केवारीच नेहमी रास्त असते, असे मला वाटत नाही. साठ हजारांच्या फ्लॅटमधला नळही तेवढ्याच वेळात दुरुस्त होतो, तेव्हा तिथे ठरावीक रक्कम बरी. शिवाय प्राप्तिकरात घरभाड्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळत असल्यामुळे या शुल्काची वेगळी वजावट मिळत नाही, हेही हिशेबात धरावे.

यंदा भाडे 27,300 झाले आणि त्यांचे शुल्क 2,184. भाडेकरू तोच आहे. पावसाळ्याआधी नहाणी ट्रॅप एकदा पाहून घ्या, असे सांगायला मी त्यांना फोन केला, तर फोटो आदल्याच आठवड्यात येऊन पडलेला होता.