सोफा, हिरवळ आणि रात्रपाळीची नर्स

मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत घरमालक संघटनांचं कामकाज बघते. इकडे त्याला एचओए म्हणतात. वर्गणी वसूल करायची, पोहण्याच्या तलावाचा पंप बिघडला की माणूस बोलवायचा, कार्यकारिणीच्या सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि पत्रं पाठवायची. पत्रं हाच खरा धंदा. कचऱ्याचे डबे रस्त्यावरच राहिले, पत्र. कुंपणाची फळी निखळली, पत्र. हिरवळीवर गाडी चढवली, पत्र. त्यामुळे माझ्यावर प्रेम करणारी माणसं या भागात कमीच.

एका वस्तीत कोपऱ्यावरच्या घराबद्दल तक्रारींचा ढीग साचला होता. घर साठीच्या आसपासच्या एका बाईंचं. तक्रार एकच: गराज सेल. वर्षातून एखादा सेल सगळेच लावतात, त्यात काही नाही. घरातल्या जुन्या वस्तू गराजच्या तोंडाशी मांडायच्या, चौकात भडक गुलाबी पुठ्ठ्यावर बाण काढून ठेवायचा (विजेच्या खांबावर पाट्या लावायला बंदी आहे, तरी लागतात त्या खांबावरच) आणि ऊन तापायच्या आत आटपायचं. हा इथला मोठा शौक आहे. मिशिगनपासून अलाबामापर्यंत १२७ नंबरच्या महामार्गाच्या कडेने दर ऑगस्टमध्ये जो सेल भरतो तो तब्बल ६९० मैल लांब असतो, आणि १९८७पासून चालू आहे. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "दुसऱ्याचं वापरलेलं घेतात, आणि ते सांगतात पण?" घेतात आणि अभिमानाने सांगतात. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांतला पहिला सोफा, पहिलं डेस्क असंच कुणाच्या तरी अंगणातून आलेलं आहे. घासाघीस करण्यात आपली माणसं कुणाला ऐकत नाहीत, हेही खरं.

पण या बाई वसंतात आणि शरदात जवळजवळ एक आड एक आठवडा सेल लावायच्या. आमच्या शहराचा नियम असा की एका पत्त्यावर वर्षाला दोनच सेल, तेही जास्तीत जास्त तीन सलग दिवस. बाईंचा कोटा मार्चमध्येच संपलेला असायचा.

सर्वांत जास्त ईमेल यायच्या शेजारच्या घरातून. तिथे राहणारी मुलगी इस्पितळात रात्रपाळीची नर्स. संध्याकाळी सात ते सकाळी सात अशी बारा तासांची पाळी. शनिवारी सकाळी थकून घरी यावं तर तिच्या ड्राइव्हवेच्या, म्हणजे रस्त्यावरून घरापर्यंत गाडी न्यायच्या वाटेच्या, तोंडाशी कुणाचा तरी पिकअप ट्रक. तिच्या ईमेलमध्ये फोटो असत, फोटोवर वेळ असे, आणि खाली एकच ओळ: आता मी काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही गोष्ट लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं, कचऱ्याच्या डब्यावरून दंड करणारी बाई गाडी का उचलून नेत नाही? कारण डबा संघटनेच्या नियमात येतो आणि रस्ता येत नाही. वस्तीतले रस्ते शहराचे आहेत. तिथली गाडी टो करायचा अधिकार संघटनेला नाही. टेक्सासचा वाहतूक कायदा स्पष्ट आहे: ड्राइव्हवेसमोर गाडी लावायची नाही, आग विझवायच्या नळापासून १५ फूट आणि 'स्टॉप'च्या पाटीच्या अलीकडे ३० फूट जागा सोडायची. पण तो बजावायचा पोलिसांनी. पोलीस येईपर्यंत गिऱ्हाईक चार डॉलरचा दिवा घेऊन पसार झालेलं असतं. सेलच्या परवान्याचं बघणार शहराचा निरीक्षक, आणि आमच्याकडे तो शनिवारी नसतो. राहिली संघटना. आम्ही दंड करायचा तर आधी नोंद होईल अशा टपालाने नोटीस, चूक सुधारायला मुदत, आणि सुनावणी मागायला ३० दिवस. नोटीस पोचते तेव्हा सेल केव्हाच उठलेला असतो. चूक आपोआप सुधारलेली! पुढच्या पंधरवड्यात पुन्हा टेबलं बाहेर.

कार्यकारिणीचे अध्यक्ष टेलिकॉममधून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांनी उपाय शोधला होता: संघटनेच्या करारनाम्यात "घरातून रहदारी वाढवणारा व्यवसाय करता येणार नाही" असं कलम आहे, ते लावा. मला ते पटेना. वकिलाची पत्रं सुरू झाली की दोन्ही बाजू आणखी ताठरतात, आणि वकिलाचं बिल शेवटी सगळ्यांच्या वर्गणीतून जातं. बाईंचा व्यवसाय आहे की नाही हे कुणी विचारलंही नव्हतं. म्हटलं, आधी बघून तरी येते. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या एका शनिवारी सकाळी तिकडे गेले.

पोचले तेव्हा आठ वाजत आले होते आणि रस्त्यावर आरडाओरडा चालू होता. घडलं ते असं. नर्स पाळी संपवून आली तर तिच्या ड्राइव्हवेला आडवा एक ट्रेलर. तिने हॉर्न वाजवला. सेलमध्ये जाऊन, हा कुणाचा आहे, असं विचारलं. कुणी बोललं नाही. पुन्हा गाडीत बसून वाट बघितली. मग तिने शांतपणे आपली गाडी बाईंच्या ड्राइव्हवेला आडवी लावली, किल्ली खिशात टाकली आणि घरात जाऊन झोपली. पाच मिनिटांनी ट्रेलरवाला गवत कापायचं यंत्र घेऊन आला आणि निघून गेला. म्हणजे मूळ गुन्हेगार गायब, आणि बाईंच्या ड्राइव्हवेत एक भलामोठा ट्रक अडकलेला. ट्रकवर नुकताच चढवलेला सोफा.

ट्रकवाल्याला घाई होती आणि ती खोटी नव्हती. डॅलसच्या पूर्वेला कँटन नावाचं छोटं गाव आहे, तिथे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या आधी गुरुवार ते रविवार बाजार भरतो. १८५०च्या दशकात न्यायाधीश कोर्ट भरवायला येत, त्या दिवशी लोक घोडे नि कुत्री विकायला आणत, तेव्हापासूनचा. या माणसाचा तिथे गाळा होता. सोफा दुपारच्या आत गाळ्यावर गेला तर विकला जाणार, नाहीतर महिनाभर पडून राहणार. तो घड्याळ दाखवत होता, फोन दाखवत होता, आणि मी संघटनेची आहे हे कळल्यावर मलाच दाखवायला लागला.

नर्सच्या दारापाशी गेले. बेलच्या बटणावर चिठ्ठी चिकटवलेली: रात्रपाळी. दिवसा झोपते. बेल वाजवू नका. तरी दोनदा दार ठोठावलं. ढिम्म! फोन बंद. रात्रपाळी करणारी माणसं कानात बोळे घालून, जाड पडदे ओढून झोपतात, हे मला माहीत होतं. ती तीनच्या आत उठणार नव्हती.

तेवढ्यात कुणीतरी बोलावलेला पोलीस आला. तरुण होता, समजूतदार होता. त्याने एक फेरी मारली आणि सांगितलं, ड्राइव्हवेला आडवी गाडी म्हणजे नियमभंगच, ती कुणी का लावली हे कायदा विचारत नाही. घराच्या मालकीणबाई म्हणत असतील तर टो करणाऱ्याला बोलावतो.

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. मीही. मनात म्हटलं, झालं, आता ही गाडी गेली की पुढची पाच वर्षं या दोन घरांची कागदपत्रं माझ्या टेबलावर. इथे टो झालेली गाडी सोडवायला काही शे डॉलर जातात आणि वर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आवारात जाऊन रांग लावावी लागते. रात्रभर अतिदक्षता विभागात उभी राहिलेली मुलगी ते विसरली नसती.

बाई म्हणाल्या, "नको. झोपू दे तिला. हा माणूस हिरवळीवरून जाईल."

आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सरळ चेहऱ्याने, "चालेल ना तुम्हाला? की पत्र येईल?"

त्यांना याआधी याच हिरवळीवर गाडी चढवल्याबद्दल पत्र गेलेलं होतं. खाली सही माझी.

पुढची दहा मिनिटं मी नोकरीत कधी केलं नाही ते केलं. ट्रकच्या मागे उभी राहून, हात हलवून, त्याला हिरवळीवरून काढलं. पोलिसाने पदपथावरची माणसं आणि एक बाबागाडी थांबवली. ट्रक फुलांच्या वाफ्याला जेमतेम चुकवून वळला, मागचं चाक कडेवरून दणकन उतरलं, सोफा दोरांत डुलला. त्याच क्षणी चाकाखाली पाणी शिंपडायचं तोंड तुटलं आणि कारंजं उडालं. ट्रकवाला हात हलवत कँटनला गेला. मी आणि पोलीस निम्मे भिजलो. बाईंनी आत जाऊन पाणी बंद केलं, येताना दोन टॉवेल आणले आणि पहिल्या टॉवेलवरची दोन डॉलरची चिठ्ठी काढत म्हणाल्या, "आज फुकट."

गर्दी ओसरल्यावर टेबलामागच्या खुर्चीवर बसून त्यांच्याशी बोलले. आधीच्या एवढ्या पत्रव्यवहारात जे कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं: एवढं सामान येतं कुठून? वस्तू त्यांच्या नव्हत्याच. बाई जातात त्या चर्चमधल्या ओळखीच्या लोकांच्या होत्या. ही सगळी अपार्टमेंटमध्ये राहणारी माणसं. कुणाची नोकरी गेली म्हणून दुसऱ्या राज्यात चाललेली, कुणी मुलाकडे राहायला जाणारी. अपार्टमेंटला ना गराज, ना अंगण. महिनाअखेर जागा रिकामी करायची असते आणि टेबल-खुर्च्या टाकून द्याव्या लागतात. म्हणून बाईंचं अंगण. पैसे ज्याचे त्याला. बाईंच्या वाट्याला कारंजं.

अध्यक्षांचं व्यवसायाचं कलम इथेच गळून पडलं. पण शहराचा वर्षाला दोनचा नियम पत्त्यावर आहे, सामान कुणाचं यावर नाही, हे मी त्यांना सांगितलं. आणि हेतू कितीही चांगला असला तरी रस्ता त्याने रुंद होत नाही. तो कडेपासून कडेपर्यंत २६ फूट आहे. दोन्ही बाजूंना ट्रक लागले की मधे १२ फूट उरतात. अग्निशमन दलाच्या गाडीला आरामात जाता यावं म्हणून मोकळा रस्ता धरतात तो २० फुटांचा. त्या कोपऱ्याच्या पलीकडच्या एका घरात ऑक्सिजनवर असलेले गृहस्थ आहेत. बाईंना ते माहीत होतं, फुटांचा हिशेब माहीत नव्हता. त्यांनी माझ्याकडून मोजपट्टी घेतली आणि स्वतः जाऊन मोजून आल्या.

संध्याकाळी चार वाजता नर्सचा फोन आला. आवाजात लढाईची तयारी होती. "माझी गाडी कुठे नेली?" जिथे लावली होती तिथेच आहे म्हटल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, ट्रक कसा काढला? सांगितलं. ती हसली, आणि लगेच म्हणाली, हे सगळं ठीक आहे, पण पुढच्या शनिवारी मी गाडी कुठे लावू? बरोबर होतं तिचं. बाईंच्या चांगुलपणाने तिचा ड्राइव्हवे मोकळा होणार नव्हता.

त्यानंतर जे झालं ते कंटाळवाणं आहे. कार्यकारिणीच्या दोन सभा, विमा कंपनीशी पत्रापत्री. मी मांडलं ते इतकंच की जागा आपल्याकडे आहे. क्लबहाउसचा वाहनतळ संघटनेच्या मालकीचा आहे आणि तलाव बंद झाला की पुढचा उन्हाळा येईपर्यंत ओस पडलेला असतो. वसंतात एक आणि शरदात एक असे सामूहिक सेल तिथे भरवावेत, प्रत्येक वेळी आठवड्याच्या अंतराने दोन शनिवार, शहराचा परवाना संघटनेने काढावा, रहिवाशांनी पाहुण्यांचं सामान आणलं तरी चालेल. अध्यक्षांनी कुणी पाय घसरून पडलं तर काय, असं विचारलं. विमावाल्यांनी अटी घातल्या: दोरी लावून वाट आखायची, विजेच्या वायरी नकोत, खाण्याचे पदार्थ नकोत. तिसरी अट ऐकून बाईंचा चेहरा उतरला, त्यांचे तमाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला मेक्सिकन पदार्थ) चर्चमध्ये प्रसिद्ध आहेत.

बाईंनी घरचे सेल शहराच्या नियमात, म्हणजे वर्षाला दोनवर आणले. त्या दोन दिवशी नर्सच्या ड्राइव्हवेसमोर केशरी शंकू लागतात, ते बाईंचा नातू पहाटे लावतो. सेल सातऐवजी नऊला उघडतो, कारण तोवर ती घरी येऊन झोपलेली असते. वेळेआधी येऊन अंधारात टेबलं चाचपणाऱ्या पट्टीच्या गिऱ्हाइकांना हे मान्य नाही, ते अजूनही साडेसहाला येतात. पण आता ते एका बाजूला गाडी लावून, आत काचा चढवून बसतात. दोन्ही घरांची मैत्री वगैरे झाली असं काही नाही. नर्सने एकदा बुकशेल्फ घेतलं, पूर्ण किंमत देऊन.

क्लबहाउसचा पहिला सेल छान झाला, गाड्या सगळ्या आखलेल्या जागांत. रविवारी तलावाच्या माणसाचा फोन आला, वाहनतळाच्या मधोमध एक ट्रेडमिल उभी आहे, न विकलेली, कुणाची ते माहीत नाही, तीन माणसांना उचलत नाही. जागा संघटनेची, म्हणजे या वेळी पत्र कुणाला पाठवायचं ते अध्यक्षांनी मला विचारलं. मी बाईंना फोन केला. त्यांच्याकडे गिऱ्हाईक होतं.